इंजिनात बसलेला भोपळा

"नंदुरबारला समुद्र कधीपासून आला?" मी बॅग भरायला घेतली तेव्हा बायकोनं विचारलं.

प्रश्न रास्त होता. आम्ही दाभोळच्या खाडीकाठचे. लाँच, मचवे, होड्या यांची इंजिनं दुरुस्त करण्यात माझी चाळीस वर्षं गेली. आता हात थकले तरी कोणी हाक मारली की जातो. पण ती हाक गुहागरहून यावी, फार तर श्रीवर्धनहून. सातपुड्यातून बोटीसाठी फोन येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यात शिमगा तोंडावर आलेला. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी दारात येते आणि कोकणातला माणूस जिथं असेल तिथून घरी येतो. मी मात्र घरून निघालो होतो.

फोन करणाऱ्याचं नाव जामसिंग. धडगाव तालुक्यातला, नर्मदेच्या काठचा. धरणाचं पाणी तिथल्या डोंगरांमध्ये कोसच्या कोस पसरलेलं आहे आणि काठाच्या पाड्यांना एकमेकांकडे जायला बोटीशिवाय दुसरा रस्ता नाही.

"सुर्वेकाका ना तू?" तो म्हणाला. "तुझं नाव बोटीत लिहिलंय."

मग मला आठवलं. आमच्या खाडीत एका हौशी डॉक्टरांची शिडाची बोट होती. वारा पडला तर घरी यायला म्हणून तिच्यात छोटं पेट्रोल इंजिन होतं, चार सिलिंडरचं. ते मीच बसवलं होतं आणि इंजिनाच्या पेटीच्या झाकणाला आतून तांबड्या रंगानं माझं नाव नि फोन नंबर लिहिला होता. डॉक्टर गेले, बोट विकली गेली, भडोचकडे गेली एवढं कानावर आलं होतं. तिथून ती ट्रकवर चढून नर्मदेच्या वरच्या अंगाला पोचली होती. नंबर मी बदलला नव्हता. मी काहीच बदलत नाही अशी घरच्यांची तक्रारच आहे.

"बॅटरी नवी टाकली, प्लग नवे टाकले. खोकतं पण चालत नाही," जामसिंग म्हणाला. "इथले सगळे मिस्त्री डिझेलवाले. वरची टोपी काढून बघतात आणि परत लावतात. आणि काका, होळीला बावा लोकांना पलीकडे न्यायचं आहे. मी शब्द दिलाय."

टोपी म्हणजे डिस्ट्रिब्युटरची. तिच्या खाली दोन लहान पॉईंट असतात. इंजिन फिरतं तशी त्यांची उघडझाप होते आणि ते ज्या क्षणी उघडतात त्या क्षणी प्लगला ठिणगी मिळते. ते जळले, झिजले की इंजिन खोकायला लागतं. हल्लीच्या गाड्यांत हा प्रकारच नाही, म्हणून पोरांना तो माहीत नाही. माझ्या फळीवर मात्र त्या इंजिनाच्या पॉईंटचा एक कोरा जोड इतकी वर्षं पडून होता. त्याचं जुनं पाकीट उंदरांनी कुरतडलेलं होतं. म्हणून मी पॉईंट नि त्यांच्या जोडीचा कंडेन्सर काढून बामच्या डबीत कापसात नीट ठेवले आणि पाकीट फेकून दिलं. हा माझा शहाणपणा लक्षात ठेवा.

शहादा ते धडगाव

आगगाडीचं काय सांगायचं, बसलो आणि उतरलो. नंदुरबारला स्टेशनबाहेर मिरची वाळत घातलेली होती. शेतंच्या शेतं लाल. आम्ही कोकणात सुकट वाळवतो तेव्हा नाक मुरडणाऱ्या पाहुण्यांना मी हसतो. इथं मी स्वतःच दहा मिनिटं शिंकत उभा होतो.

शहाद्याला जामसिंगच्या ओळखीचे भटूआप्पा जीप घेऊन आले. हे मूळचे कोरीटचे, तापीकाठचे शेतकरी. घरी केळी, पपई, ट्रॅक्टर, आणि हौसेनं जीप. साठीचे, गोल पोटाचे, नि बोलायला टोकदार. माझ्या येण्याचं कारण ऐकून त्यांनी जीप सुरू करायचीच थांबवली.

"कोकणमाईन आठलोंग, दोन पाईंट बसाडाले?" ते म्हणाले. "धन्य शेतस काका तुम्ही. मन्हा ट्रॅक्टरले पाईंट-बिईंट काही नई. डिझेल टाका, चालू."

अहिराणी मी पहिल्यांदाच इतकी जवळून ऐकत होतो; 'आठलोंग' म्हणजे इथवर, एवढं कळलं. तासाभरात कान सरावला. आप्पांनी घरून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, वांग्याचं भरीत नि ठेचा आणला होता. घाट लागायच्या आधी एका आंब्याखाली आम्ही बसलो. भरिताचं वांगं काट्याकुट्यांच्या जाळावर भाजलेलं, त्यात कांद्याची पात आणि वरून कच्चं तेल. आमच्याकडे भरितात नारळ नसला तर ते भरीतच नव्हे. इथं नारळाचं नाव नाही, पण मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. ठेचा मात्र ताटाच्या कडेला सारून ठेवला होता.

"खाई ल्या काका. मिरची शे, साप नई," आप्पा म्हणाले.

खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं. आप्पांनी समाधानानं मान हलवली, जणू मी आता त्यांच्या गावचा झालो.

तोरणमाळचा फाटा मागे टाकून जीप धडगावच्या घाटाला लागली. डोंगर फाल्गुनात जसे असतात तसे, वाळलेल्या गवताचे, मधूनच पळसाची लाल झाडं. मोहाची फुलं नुकती गळायला लागली होती. झाडांखालची जमीन स्वच्छ झाडलेली होती आणि बायका टोपल्या घेऊन वेचत होत्या. धडगावात तर भोंगऱ्या बाजारची गर्दी. होळीच्या आधीचा हा आठवडी बाजार. चांदीचे दागिने घातलेल्या बाया, ढोल, गुळाच्या जिलब्या, साखरेच्या हार-कड्यांची दुकानं, आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल. आप्पा तिथून परत फिरणार होते. जाताना म्हणाले, "तुमनं इंजिन चालू व्हयनं ते माले फोन करा. नई व्हयनं ते मी येस ट्रॅक्टर लईसन. बोट वढी काढू."

पाण्याकाठी

दुसऱ्या दिवशी सकाळी जामसिंग मोटरसायकलवरून मला खाली घेऊन गेला. चाळिशीचा, सडपातळ, आश्रमशाळेत शिकलेला. मराठी चांगली बोलतो, पण सगळ्यांना 'तू' म्हणतो, तहसीलदाराला सुद्धा. घरी पावरी बोलतात आणि त्या बोलीत अहो-जाहोचा फारसा पसारा नाही. आमच्याकडचे कोळीही असंच बोलतात. मला बरं वाटलं.

शेवटच्या वळणावर पाणी दिसलं आणि मी त्याला गाडी थांबवायला लावली. खाडी मी जन्मभर पाहिली आहे. पण खाडीला भरती-ओहोटी असते, वास असतो, बगळ्यांची आरडाओरड असते. हे पाणी निळं, गप्प आणि प्रचंड. डोंगरांचे माथे तेवढे वर राहिलेले. जामसिंगनं हात लांब करून दाखवलं. त्याचं जुनं गाव त्या तिथं खाली होतं. शेतं, आंब्याची झाडं आणि होळीची जागा सुद्धा. निम्मी घरं दूर पुनर्वसनात गेली, काही वर सरकली, आणि होळी पलीकडच्या डोंगरावर नेली. म्हणून होळीला या काठच्या माणसांना पाणी ओलांडावं लागतं.

बोट पाहून मात्र वाईट वाटलं. पांढरा रंग जाऊन हिरवा आलेला, बाकडी ठोकलेली, नि डोलकाठीच नाही.

"डोलकाठी कुठं गेली?" मी विचारलं.

"ट्रकमध्ये मावत नव्हती म्हणून कापली. पण वाया नाही घालवली." त्यानं वर बोट केलं. काठालगतच्या त्याच्या घराच्या छपराचं मधलं आडं म्हणून माझ्या डॉक्टरांची डोलकाठी वर बसली होती. तिच्यावर मक्याची कणसं टांगलेली होती.

त्याच्या बायकोनं मक्याची रोटी आणि उडदाची डाळ वाढली, सोबत पाण्यातला मासा, नुसता मीठ-मिरची लावून भाजलेला. मग मी बोटीतली इंजिनाची पेटी उघडली. टोपी काढली, तिच्याखालचा फिरता रोटर काढला. पॉईंट पार गेलेले. तोंडं काळी, आणि ज्या टाचेवर ते उचलले जातात ती झिजून सपाट. कामाला लागलो. मला खाली बसवत नाही, गुडघे कुरकुरतात, म्हणून इंजिनाच्या पेटीच्या काठावर बसून वाकून काम करायची माझी जुनी सवय. जुने पॉईंट सोडवताना ज्या खुंटीवर वायर, कंडेन्सर नि पॉईंटची पट्टी एकत्र येतात तिथले दोन फायबरचे वायसर, म्हणजे भोकाच्या चकत्या, निघाले. डाळीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे. एक हातातच भुगा झाला. दुसरा बोटांतून उडाला, बोटीच्या काठावर टिचला आणि पाण्यात गेला.

मला फिकीर नव्हती. नव्या जोडाबरोबर नवे वायसर येतातच. डबी उघडली. कापूस उलगडला, झटकला. मग आठवलं. वायसर त्या कुरतडलेल्या पाकिटाच्या तळाशी असणार, आणि पाकीट आता दाभोळच्या उकिरड्यावर होतं.

या वायसरचं काम एवढंच, की करंट खुंटीतून इंजिनाच्या अंगात जाऊ द्यायचा नाही. तो नसला की सगळा करंट जमिनीला आणि प्लगला ठिणगी शून्य. चाळीस वर्षं मी शिकाऊ पोरांना हेच सांगत आलो होतो, की लहान वस्तू आधी मोजा. जामसिंगला मी खरं काय ते सांगितलं. तो रागावला नाही. "प्लास्टिक चालेल?" एवढंच म्हणाला.

पाण्याच्या बाटलीचं झाकण कापून दोन चकत्या केल्या. बसवल्या, मापाच्या पात्या घालून पॉईंटमधलं अंतर जुळवलं, टोपी लावली. दुसऱ्याच झटक्याला इंजिन लागलं. तो आवाज इतक्या वर्षांनी ऐकून मला अगदी घरी आल्यासारखं झालं. काठाकाठानं दहा मिनिटं फेरी मारली. पाड्यावरची माणसं हसत हात हलवत होती. प्लास्टिक गरम झाल्यावर काय करेल हा विचार माझ्या मनात आला होता, पण सगळे इतके खूश होते की मी तो गिळून टाकला.

होळीचा दिवस

दुपारी बावा आले. पाच जण. होळीला नवस फेडायला जे नाचतात ते बावा. अंगभर राखेचे ठिपके, डोक्याला मोरपिसांचा उंच टोप, कमरेला मोठे घुंगरू आणि वाळवलेल्या दुधी भोपळ्यांची माळ. चालले की घुंगरू वाजतात नि भोपळे एकमेकांवर आपटून खडखडतात. पालखी नाचवणारा आमचा खेळ्या यांच्यासमोर फारच साधा दिसेल.

त्यांच्यातल्या खुमानशी मी थोडा बोललो. पस्तिशीचा, ऊसतोडीला गुजरातेत जाणारा, त्यामुळे त्याची मराठी हिंदी-गुजराती घेऊन येणारी. पाच वर्षांपूर्वी त्याची मुलगी फार आजारी होती. "दवाखाने भी ले गया, नवस भी बोला," तो म्हणाला. मुलगी वाचली. नवस पाच होळ्यांचा. दर वर्षी काही दिवस पाळणी पाळायची. पायात चप्पल नाही, खाटेवर किंवा कुठल्याच उंच जागी बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं, अंघोळ नाही, आपलं अन्न आपण शिजवायचं. आणि होळीच्या दिवशी सूर्य बुडायच्या आत होळीच्या जागी उभं राहून पहिला फेर धरायचा.

"आज पाचवी होळी," जामसिंग म्हणाला. "एक चुकली की परत पहिल्यापासून."

सगळे बोटीच्या तळाशी बसले. बाकड्यांवर कोणी बसलं नाही. मी एकटा पेटीवर, साहेबासारखा.

पाऊण तास छान गेला. वारा नव्हता, पाणी स्वच्छ होतं. ऐन मध्यावर, दोन्ही काठ सारखेच लांब असताना, इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि थांबलं. मला टोपी काढायच्या आधीच कळलं होतं. प्लास्टिक गरम होऊन लोण्यासारखं सरकलं होतं आणि खुंटी पट्टीला टेकली होती.

काडेपेटीचा पुठ्ठा लावला. इंजिन लागलं, दोन मिनिटं चाललं, स्क्रूनं पुठ्ठा चिरला. ट्यूबचं रबर लावलं. ते दबलं आणि पॉईंटमधलं अंतरच राहीना. वल्ह्याची ढलपी काढली, भोक पाडताच ती उभी चिरली. दुसरी काढली, तीही चिरली. दोन वल्ह्यांनी ती जड बोट अंधारापर्यंतसुद्धा पोचली नसती. दुसरी बोट दिसत नव्हती, सगळ्या सकाळीच गेल्या होत्या. मोबाइलला रेंज नव्हती. सूर्य डोंगराच्या माथ्यापासून दोन हात वर असेल. बावा सूर्याकडे बघत होते. शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं. खुमान वल्हं घेऊन मारायला लागला होता आणि त्याच्या प्रत्येक झोक्याबरोबर कमरेचे भोपळे खडखडत होते.

तो आवाज माझ्या कानावर मघापासून पडत होता. आता मी ऐकला. कोरडा, टणक आवाज. वाळलेल्या भोपळ्याची साल लाकडासारखी चिरत नाही, कारण तिला उभे धागे नसतात. गरमीनं वितळत नाही. करंट तिच्यातून जायचा नाही. हवी तेवढी जाडी घासून आणता येते. मी जामसिंगला हळूच म्हणालो, "एक भोपळा मिळेल का? बोटभर साल पुरे."

जामसिंगचा चेहरा उतरला. "काका, ते मागायचं नसतं. पहिल्या वर्षापासून तेच भोपळे आहेत. ते पूर्ण पाहिजेत. फुटका बांधून नाचत नाहीत, कमी बांधूनही नाही. मी नाही विचारणार."

माझा स्वभाव मागं हटणाऱ्याचा नाही, पण चूक माझी आणि मोडायचा नवस दुसऱ्याचा, म्हणून मला मागवेना. भोपळा कापला तर माळ मोडणार, नाही कापला तर वेळ टळणार. कुठूनही नुकसान खुमानचंच.

खुमाननं आमच्याकडे पाहिलं. जामसिंगला पावरीत काहीतरी विचारलं. जामसिंगनं मान खाली घालून उत्तर दिलं. खुमाननं वल्हं खाली ठेवलं. बाकीचे चौघे त्याच्याकडे बघत होते. मग त्यानं माळेतला टोकाचा, सगळ्यांत लहान भोपळा सोडला, कपाळाला लावला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"तोड," तो म्हणाला. "पण नीट तोड. और नीचे बैठ. चप्पल निकाल."

मला क्षणभर कळलं नाही. जामसिंगनं सांगितलं, "हा पाळणीचा आहे. जो हात लावेल त्यानं पाळणी पाळायची."

मी चप्पल काढली आणि बोटीच्या तळाशी, तेलपाण्यात, मांडी घालून बसलो. गुडघ्यांनी जीव खाल्ला. आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय नवी होडी पाण्यात लोटत नाहीत, आणि मी मेकॅनिक म्हणून त्या वेळी नेहमी घड्याळ बघत उभा असतो. त्या दिवशी मी स्वतःच मनात गाऱ्हाणं घातलं. आमच्या ग्रामदेवतेला म्हटलं, बाई, शिमगा सोडून आलोय, पण हे एवढं निभावून ने.

भोपळ्याच्या पोटातून रुपयाएवढा तुकडा कापला. आत बिया होत्या, त्या खुमाननं ओंजळीत घेऊन कमरेच्या कापडात बांधल्या. तुकडा पॉलिश पेपरवर घासला, घासला, पुन्हा बसवून पाहिला, पुन्हा घासला. खिळ्याच्या टोकानं फिरवत फिरवत भोक पाडलं. साल चिरली नाही. अशा दोन चकत्या. जामसिंगनं माझं मनगट खालून धरून ठेवलं. खुंटीवर खालची चकती, पट्टी, वायर, वरची चकती, नट. अंतर जुळवलं. रोटर, टोपी, दोन्ही चाप.

पहिल्या झटक्याला काही नाही. दुसऱ्याला इंजिन लागलं, आणि लागलं ते लागलंच. पाच मिनिटं झाली, दहा झाली, मी पेटीवर हात ठेवून बसलो होतो, खालीच. आवाज एकसारखा. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यांदा हसलो. बाकीचे मात्र हसले नाहीत. ते खुमानच्या माळेकडे बघत होते.

पलीकडचा काठ

आम्ही काठाला लागलो तेव्हा सूर्य माथ्याला टेकत होता. वर ढोल वाजत होते, होळीचा लांब बांबू उभा करायची तयारी चालली होती. उतारावर चार-पाचशे माणसं असतील. खुमानची बायको मुलीला घेऊन पुढे आली होती. मुलगी नऊ-दहा वर्षांची, ठणठणीत. बापाला या वेशात बघून लाजत होती.

मी इंजिन बंद करायला हात घातला, तेवढ्यात होळीचा पुजारा खाली आला. वाळका, म्हातारा, कानांत चांदीच्या बाळ्या. एकेका बावाला तो नीट न्याहाळत होता. खुमानपाशी थांबला. माळेवरून बोट फिरवत त्यानं भोपळे मोजले. पुन्हा मोजले. मग विचारलं. पावरी मला येत नाही, पण तो प्रश्न मला समजला. खुमाननं उत्तर देताना बोटीकडे हात केला.

पुजारा पाण्यात उतरला. धोतर भिजवत बोटीपर्यंत आला, मी उघडून दाखवावं असं त्यानं खुणावलं. चालू इंजिनाची टोपी कशी काढणार? मी जामसिंगच्या तोंडून सांगितलं, की तो आत आहे, आत एक पट्टी सारखी हलते, तिच्याबरोबर तोही थरथरतोय. पुजाऱ्यानं डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. सूर्याची कड माथ्याला लागली होती. वरचा ढोल थांबला होता. एवढं करून नवस नाकारला असता तर मी त्या माणसाला तोंड दाखवू शकलो नसतो.

मग तो जामसिंगशी बोलला. जामसिंग माझ्याकडे वळला.

"काका, तो म्हणतो माळ पुरी आहे. एक भोपळा इथं नाचतोय. पण मग खुमान नाचेपर्यंत यानं पण नाचायला पाहिजे. थांबला तर माळ मोडली."

"म्हणजे?"

"म्हणजे इंजिन बंद करायचं नाही."

पेट्रोल जेमतेम परतीपुरतं होतं. मी जामसिंगकडे पाहिलं, जामसिंगनं टाकीकडे पाहिलं आणि म्हणाला, "जाऊ दे काका. उद्या वल्ह्यांनी जाऊ."

वर ढोल सुरू झाला. खुमान फेरात शिरला. घुंगरू, भोपळे, मोरपिसं, आणि सूर्य अजून नखाएवढा बाकी. मी खाली, अनवाणी, बोटीच्या तळाशी बसून इंजिनाला हळू चालीवर धरून होतो. आयुष्यभर मी इंजिन कुठं तरी पोचण्यासाठी चालवलं. त्या संध्याकाळी ते दोरानं काठाला बांधलेलं होतं, कुठंही जात नव्हतं, आणि ते एक क्षणही अडखळू नये म्हणून मी श्वास रोखून बसलो होतो. आवाज जरा बदलल्यासारखा वाटला की हात पुढे जाई. तो बदलला नाही. उतारावरची काही माणसं तर आमच्या बाजूला वळून, त्या आवाजावरही ताल धरून हलत होती.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. टाकीचा तळ दिसायला लागला होता. सूर्य गेला, फेर संपला, ढोल थांबला. पुजाऱ्यानं वरून हात उंच केला. मी इंजिन बंद केलं.

खुमान उतार उतरून पाण्याकाठी आला. घामानं अंगावरची राख वाहून गेली होती. मुलगी त्याच्या खांद्यावर होती. तो बोटीशी उभा राहिला तेव्हा मी चप्पल शोधायला लागलो होतो. त्यानं नाही म्हणून मान हलवली. मुलीला उचलून त्यानं इंजिनाच्या पेटीवर उभं केलं, आणि ती दोन्ही हात जोडून माझ्याकडे नाही, पेटीकडे बघत वाकली. मग तो स्वतः बाकड्यावर, पाच वर्षांचा नवस फिटला म्हणून आता पाय पसरून, उंचावर बसला.

"अब तू भी बैठ ऊपर," तो मला म्हणाला.